नव्या व्हर्जनमुळे काय अडणार, हे ग्राहकाला आधी कसं सांगायचं

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा घरूनच चार-पाच जणांच्या टीमने एखादं बिलिंग सॉफ्टवेअर बांधलं आणि ते इतवारी, गांधीबाग, कळमन्यातल्या शंभरेक दुकानांत लागलं, की सुरुवातीची रिलीज सोपी जातात. नवा रिपोर्ट, नवं बटण, सगळे खूश. अडचण येते ती पहिल्यांदा काहीतरी काढून टाकावं लागतं किंवा जुनी गोष्ट वेगळ्या रीतीने चालायला लागते तेव्हा. सकाळी दहाला फोन सुरू होतात: "भाऊ, बिल निघून नाही राहिलं." आणि आपण म्हणतो, "रिलीज नोटमध्ये लिहिलं होतं."

लिहिलेलं असतं, पण आपण काय बदललं ते. दुकानदाराला हवं असतं वेगळंच: माझं काय अडणार, कोणत्या दिवसापासून, आणि तोवर मी काय करायचं. या तीन प्रश्नांची उत्तरं वेळेवर आणि त्याला कळतील अशा शब्दांत पोचवण्याची कृती खाली दिली आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण धरू. कळमना बाजारातल्या अडतदुकानाचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून बिल आणि शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) निघते, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावरून थेट येतं. व्हर्जन ३.८ वरून आपण ४.० वर चाललो आहोत.

आधी हाताशी काय हवं

- ग्राहकांची यादी. नाव-नंबर पुरत नाही. प्रत्येकाकडे कोणतं व्हर्जन, कोणती विंडोज, कोणता काटा आणि प्रिंटर आहे, आणि आपल्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाइल पुढे कोणाकडे जाते (सीए, ट्रान्सपोर्टवाला, मोठा खरेदीदार), तेही त्यात हवं.
- जुन्या आणि नव्या व्हर्जनचा डेटाबेस आराखडा, आणि दोन्हींनी एकाच माहितीवरून काढलेले बिल, पट्टी, एक्सेल आणि सीएसव्हीचे नमुने.
- वार्षिक देखभाल करारांच्या प्रती. किती दिवस आधी कळवायचं हे काही करारांत लिहिलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षात नसतं.
- परवानगी घेऊन, नावं झाकून घेतलेली दोन-तीन ग्राहकांच्या खऱ्या डेटाची प्रत.
- जुन्या व्हर्जनचा चालू स्थितीतला इन्स्टॉलर.
- एसएमएस पाठवायचा असेल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) मंजूर झालेला टेम्प्लेट. हा आदल्या दिवशी मिळत नाही.

यातली पहिली यादी बहुतेकांकडे नसते. ती नसेल तर इथेच थांबा आणि आधी ती बनवा. सॉफ्टवेअर सुरू होताना आपला व्हर्जन नंबर आणि विंडोजचा नंबर सर्व्हरला कळवेल अशी सोय ३.८ च्याच एखाद्या पॅचमध्ये टाका, आणि असं करतोय हे ग्राहकाला सांगा. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं.

१. बदलांची यादी ग्राहकाच्या टेबलावरून काढा

गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फरक उघडून यादी करायला बसलात तर महत्त्वाच्या गोष्टी सुटतात. दुकानात सॉफ्टवेअरला कुठे कुठे हात लागतो ते बघा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की हे उद्या तसंच चालेल का. काट्याची केबल, प्रिंटरवरचा कागद, की-बोर्डचे शॉर्टकट, सीएला जाणारी फाइल, मालकाच्या मोबाइलवरचं अ‍ॅप, दुसऱ्या सॉफ्टवेअरने वापरलेला एपीआय (आपल्या सॉफ्टवेअरशी बोलायचा दुवा), रात्रीचा बॅकअप.

यात सगळ्यांत फसवा भाग म्हणजे आपण कधीच कबूल न केलेली, पण लोकांनी गृहीत धरलेली वागणूक. सॉफ्टवेअरच्या जगात याला हायरम राइट या इंजिनिअरच्या नावावरून हायरमचा नियम म्हणतात: वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या सॉफ्टवेअरची दिसणारी प्रत्येक सवय कोणीतरी धरून बसलेलं असतं, करारात ती असो वा नसो. मायएसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण घ्या. ५.७ पर्यंत ग्रुप बाय (गटवारी) केलं की उत्तर आपोआप त्याच क्रमाने लागून यायचं. ८.० मध्ये ते बंद झालं. क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम लावायची सूचना) लिहिलेलं नसेल, तर गावनिहाय पट्ट्यांचा रिपोर्ट वर्षानुवर्षं अकारविल्हे येत होता तो अचानक विस्कटतो. एरर येत नाही. ज्याने तो कागद घेऊन हाताने टिकमार्क करायची सवय लावली, त्याचं काम मात्र अडतं.

त्याच ८.० मध्ये रँक आणि ग्रुप्स हे राखीव शब्द झाले. कोचिंग क्लासच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रँक' नावाचा कॉलम असणं किती साहजिक आहे! अशी क्वेरी थेट मोडते. तुम्ही एक ओळही बदलली नाही तरी खालचा डेटाबेस बदलल्यामुळे तुमचं रिलीज ब्रेकिंग (जुनं मोडणारं) ठरतं.

म्हणून यादीत खालच्या थरांचाही कप्पा ठेवा. इलेक्ट्रॉन या साधनावर डेस्कटॉप अ‍ॅप बांधलं असेल तर २३व्या व्हर्जनपासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वर ते चालत नाही. लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस असेल आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ किंवा त्यापुढे गेलं, तर अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलतात. मजकुरावरचे जुने इंडेक्स मग चुकीची उत्तरं देऊ शकतात, ते नव्याने बांधावे लागतात. सर्व्हरवर टीएलएस (इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवण्याची पद्धत) १.० आणि १.१ बंद करणं योग्यच आहे, २०२१ च्या आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकाने ती दोन्ही बाद केली. पण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला त्या दिवसापासून 'सर्व्हर मिळत नाही' एवढंच दिसतं.

मराठी सॉफ्टवेअरसाठी आणखी एक: कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडवर जाणं. डेटा बदलला पण छपाईचा साचा जुनाच राहिला, की पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी निरर्थक अक्षरं उमटतात. ग्राहकाने स्वतः वर्डमध्ये बनवलेले साचे तुमच्या यादीत नसतात, ते विचारूनच कळतात.

२. ओरडून मोडणारं आणि गुपचूप बदलणारं वेगळं करा

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे मोडलं तर ग्राहकाला लगेच कळेल का?

पायथन २ वरून ३ वर जाताना दोन्ही प्रकार एकत्र होते. प्रिंट लिहायची पद्धत बदलली, जुना प्रोग्राम सुरूच होत नव्हता, हे ओरडणारं. भागाकारही बदलला: ५ भागिले २ चं उत्तर आधी २ यायचं, ते २.५ यायला लागलं. प्रोग्राम आनंदाने चालत राहतो आणि आकडे वेगळे येतात. हे गुपचूप, आणि जास्त धोक्याचं.

आपल्या उदाहरणात समजा निर्यात होणाऱ्या फाइलमधला 'वजन' हा कॉलम किलोऐवजी क्विंटलमध्ये करायचं ठरलं. कॉलमचं नाव तेच, जागा तीच. ८५० च्या जागी ८.५ आलं आणि सीएच्या एक्सेलने हमाली-तोलाई शंभराव्या हिश्शाने काढली. कुठेही लाल रेघ नाही. असा बदल करायचाच असेल तर नावही बदला: 'वजन_क्विंटल' असा नवा कॉलम द्या आणि जुना 'वजन' काही काळ ठेवून मग काढा. म्हणजे उरलेले लोक मोडतील ते निदान ओरडून. गुपचूप बदलाला जाणूनबुजून ओरडणारा बनवणं ही या कामातली सगळ्यांत उपयोगी युक्ती आहे.

तारखांचंही तसंच. दिवस/महिना हा क्रम महिना/दिवस असा वाचला गेला, तर १३ तारखेपासून पुढे एक्सेल तारीख मानायला नकार देतं, पण १ ते १२ तारखा चुकीच्या महिन्यात निमूट जाऊन बसतात. तारखेचा नमुना बदललात तर सूचनेत ५ जुलैसारखी तारीख जुन्या आणि नव्या रूपात शेजारी-शेजारी दाखवा.

गुपचूप गटात हमखास सापडणारे बाकी प्रकार: पूर्णांकन, डिफॉल्ट सेटिंग, सीएसव्हीत मधेच घातलेला कॉलम, आणि एरर मेसेजचे बदललेले शब्द (तो मजकूर शोधणारी स्क्रिप्ट कोणीतरी लिहिलेली असते). पूर्वी रिकामं चालणारं खानं सक्तीचं केलंत तर ते ओरडतं खरं, पण पहिलं बिल अडतं तेव्हाच.

३. व्हर्जन नंबर खरा ठेवा

सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम सोपा आहे: जुनं काही मोडत असेल तर पहिला आकडा वाढवा, न मोडता नवं काही आलं तर मधला, फक्त दुरुस्ती असेल तर शेवटचा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलू शकतं असं तो नियमच सांगतो. पण शंभर दुकानांत चालणारं सॉफ्टवेअर अजून ०.९ वर असेल तर ती सूट घेऊ नका.

दुकानदार नंबर वाचत नाही हे खरं. मात्र तुमची लायब्ररी दुसरे डेव्हलपर वापरत असतील तर नंबर मशीन वाचतं. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज व्यवस्थेत कॅरेट (^) लावलेली अवलंबनं (वापरलेल्या लायब्ररी) मधला आकडा वाढला की आपोआप उचलली जातात. ब्रेकिंग बदल ३.९ मध्ये लपवलात, तर समोरच्याने तुमची एकही ओळ वाचण्याआधी तो त्याच्या घरात शिरलेला असतो. 'बदल छोटाच आहे' म्हणून मोठा आकडा टाळणं हा नवख्या टीमचा नेहमीचा मोह. बदल किती ओळींचा आहे याला महत्त्व नाही. मोडतं की नाही, तेवढंच बघा.

४. जुनं-नवं सोबत चालवण्याचा काळ ठरवा

आज सांगितलं आणि उद्या काढलं, असं करू नका. आधी एक मधलं व्हर्जन द्या, आपल्या उदाहरणात ३.९, ज्यात जुनं चालतं पण सूचना दिसते. जँगो या वेब फ्रेमवर्कसारखा मोठा प्रकल्पही जुनी सोय आधी बाद होणार म्हणून जाहीर करतो, निदान दोन फीचर-रिलीजभर इशारा देत राहतो, मग काढतो.

इशारा कुठे दिसतो ते तपासा. पायथनमधली बाद होण्याची वॉर्निंग बहुतेक वेळा डिफॉल्टने झाकलेली असते, त्यामुळे 'वर्षभर इशारा देत होतो' असं म्हणताना तो कोणी पाहिलेलाच नसतो. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये इशारा लॉग फाइलमध्ये घालून उपयोग नाही. तो बिल बनवणाऱ्या मुनीमजींच्या पडद्यावर यावा, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना नव्हे. दिवसाचं पहिलं लॉगिन ही बरी जागा. आणि 'पुन्हा दाखवू नका' हे बटण देऊ नका. 'उद्या आठवण करा' द्या.

एपीआय असेल तर त्यासाठी ठरलेले हेडर (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) आहेत: बंद होण्याची तारीख सांगणारं सनसेट (आरएफसी ८५९४) आणि बाद झाल्याचं सांगणारं डेप्रिकेशन (आरएफसी ९७४५). सनसेटमधली वेळ जीएमटीत असते. ३१ मार्चची रात्र २३:५९ असं लिहिलंत तर आपल्याकडे ती १ एप्रिलची पहाट ५:२९ होते. बंद केल्यावर ४०४ नको, ४१० हा एरर कोड द्या. म्हणजे पत्ता चुकला नसून सोय काढली आहे हे समोरच्या डेव्हलपरला कळतं.

मेल न वाचणाऱ्यांसाठी एक कडक पण प्रामाणिक उपाय आहे. अंतिम तारखेआधी, सांगून-सवरून, जुनी सोय दोन-तीन तास बंद ठेवायची आणि पुन्हा सुरू करायची. कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेने १३ ऑगस्ट २०२१ ला गिटसाठी पासवर्ड चालणं बंद केलं, त्याआधी जून आणि जुलैमध्ये असे तात्पुरते बंद घेतले होते. कोण अजून जुन्यावर आहे ते त्या तासांत येणाऱ्या फोनवरून कळतं.

५. तारीख नागपूरच्या कॅलेंडरवर बसवा

सर्वसाधारण व्यापारी ग्राहकासाठी महिन्याची ११ (जीएसटीआर-१) आणि २० (जीएसटीआर-३बी) या जीएसटी विवरणपत्रांच्या तारखा आणि त्यांच्या आधीचे तीन-चार दिवस टाळा. मार्चचा दुसरा पंधरवडा पूर्ण सोडा. संत्र्याच्या व्यापाऱ्याला आंबिया बहार जोरात असताना हात लावू नका. हॉटेलांचं सॉफ्टवेअर असेल तर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन शहरात असतं तो डिसेंबर वगळा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात रामदासपेठ-लक्ष्मीनगर भागातल्या दुकानांकडे तुमचा माणूस पोचणंही कठीण. शाळांसाठी लक्षात ठेवा की विदर्भात शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पुण्याच्या ग्राहकासाठी १० जून उशीर असतो, इथे तोच दिवस सोयीचा.

किती आधी कळवायचं? ग्राहकाला पैसे खर्च करावे लागणार असतील (नवा कॉम्प्युटर, नवा काटा) तर ९० दिवस. फक्त सेटिंग बदलायची असेल तर ३०. त्यानंतर ७ दिवस आणि १ दिवस आधी आठवण. विंडोज ७ सोडणं पहिल्या गटात मोडतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सल्ला विंडोज ११ चाच द्यावा लागतो. तिला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जे जुन्या मशीनमध्ये बहुधा नसतं. म्हणजे तुमची एक ओळ दुकानदाराच्या खिशातले बरेच हजार रुपये घेऊन जाते. हे लपवून 'कृपया अपडेट करा' एवढंच लिहिणं अन्यायाचं आहे.

६. सूचना लिहा

विषयाच्या ओळीत परिणाम आणि तारीख हवी. 'व्हर्जन ४.० ची महत्त्वाची घोषणा' असा विषय कोणी उघडत नाही. नमुना असा:

> विषय: २५ मेपासून विंडोज ७ वर बिल आणि पट्टी निघणार नाही
>
> नमस्कार जी,
>
> रविवार, २४ मे रोजी रात्री ९ नंतर आपल्या दुकानात व्हर्जन ४.० लागेल. साधारण ४० मिनिटं सॉफ्टवेअर बंद राहील.
>
> तुमचं काय अडू शकतं: ज्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, त्यावर सोमवार, २५ मेपासून सॉफ्टवेअर उघडणार नाही. आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्याकडे असा १ कॉम्प्युटर आहे (काट्याजवळचा).
>
> सीएंना सांगा: महिन्याच्या फाइलमध्ये 'वजन_क्विंटल' हा नवा कॉलम शेवटी येईल. जुना 'वजन' (किलो) ३० सप्टेंबरपर्यंत तसाच राहील, नंतर निघेल. नमुना फाइल सोबत आहे, ती त्यांना आजच पाठवा.
>
> तुम्ही काय करायचं: १० मेपर्यंत कॉम्प्युटर बदलून आम्हाला फोन करा, आम्ही येऊन काटा जोडून देऊ. तोवर जमत नसेल तर तेही कळवा; तुमच्याकडे ३० जूनपर्यंत ३.९ चालू ठेवू.
>
> काय बदलत नाही: जुनी बिलं, खातेदारांच्या बाक्या, बिल नंबरची मालिका, पट्टीचा कागद.

'काय बदलत नाही' हा परिच्छेद गाळू नका. बाक्या उडतील ही दुकानदाराची पहिली भीती असते, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत तो बाकी काही वाचत नाही. तारखेसोबत वार लिहा. 'काही जुन्या सिस्टिम्सवर अडचण येऊ शकते' असली धूसर वाक्यं काढा: कोणत्या, कोणती, कधी. नव्या सोयींचं कौतुक या सूचनेत नको. त्यासाठी वेगळा मेसेज करा, नाहीतर आठ आनंदाच्या ओळींखाली अडचणीची नववी ओळ दबून जाते.

डेव्हलपरांसाठी चेंजलॉग वेगळा ठेवा. जोडलं, बदललं, बाद होणार, काढलं, दुरुस्त केलं, सुरक्षा, असे कप्पे रूढ आहेत. काढलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तिच्याऐवजी काय वापरायचं ते, आणि आधीचा-नंतरचा कोड.

७. ज्याचं अडणार त्याच्यापर्यंत पोचवा

सगळ्यांना एकच मेसेज पाठवला की ज्यांचा संबंध नाही तेही घाबरतात, आणि पुढच्या वेळी कोणीच वाचत नाही. यादी गाळा. विंडोज ७ वाले २२ असतील तर त्या २२ जणांना प्रत्यक्ष फोन करा. मेल हा पुरावा म्हणून असतो, काम फोननेच होतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्याला मेसेज जातच नाही. हे माहीत नसल्याने बरेच जण पाठवलं म्हणजे पोचलं असं धरून चालतात. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांचा. त्यापुढे गेला की तुकडे होऊन प्रत्येकी ६७ अक्षरं मोजली जातात, म्हणून त्यात फक्त काय, कधी आणि फोन नंबर. प्ले स्टोअरच्या 'नवीन काय' खान्यात ५०० अक्षरं मावतात. इतवारीतल्या बऱ्याच गाद्यांवर (पेढ्यांवर) हिंदी चालते, तेव्हा सूचना मराठी आणि हिंदी दोन्हींत तयार ठेवा.

पैसे देणारा मालक आणि सॉफ्टवेअर चालवणारा माणूस वेगळे असतात. दोघांनाही कळवा. सीएला मालकामार्फत निरोप जाईल यावर विसंबू नका.

८. परतीची वाट आधी सांगा

डेटाबेसचं रूपांतर एकतर्फी आहे का? मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर परत येण्याची सोय नाही, बॅकअप परत चढवणं एवढाच मार्ग. म्हणजे सोमवारी दुपारी मागे फिरलात तर सकाळपासूनची बिलं हाताने पुन्हा टाकावी लागतील. हे ग्राहकाला आधी सांगा आणि निर्णयाची वेळ ठरवा. पहिल्या दिवशी सकाळी ११ पर्यंत काटा, बिल आणि पट्टी या तीन गोष्टी नीट चालल्या नाहीत तर लगेच मागे यायचं. बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा; न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

मोबाइल अ‍ॅपचं उलटं आहे. काहींचं अपडेट आजच होतं, काहींचं महिन्याने, त्यामुळे जुनं आणि नवं अ‍ॅप एकाच सर्व्हरशी बोलत राहणार. सर्व्हर आधी बदला, तोही दोन्हींना समजेल असा. प्ले कन्सोलमध्ये टक्केवारीने टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय आहे, ती वापरा.

९. रिलीजनंतरचा आठवडा

पहिल्या दिवशी फोन घेणाऱ्या प्रत्येकासमोर एक पान छापून ठेवा: ग्राहक काय म्हणेल, त्याचा अर्थ काय, उत्तर काय. 'वजन येत नाही' म्हणजे काट्याचा पोर्ट नंबर बदलला, सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा निवडा. 'नाव विचित्र छापतंय' म्हणजे छपाईचा जुना साचा.

सूचनेत नसलेली अडचण फोनवर आली तर त्याच दिवशी ती सूचनेत आणि चेंजलॉगमध्ये तारखेसह जोडा, आणि ज्यांचं अपग्रेड अजून बाकी आहे त्यांना सुधारित प्रत पाठवा. मग ग्राहकयादीत त्या दुकानापुढे लिहा की त्यांचं नेमकं काय अडलं होतं. ४.१ ची यादी करायला बसाल तेव्हा पहिली नजर त्या रकान्यावर टाका.